नाकाचे व्याकरण

मराठी भाषेने नाकाचे जितके कोडकौतुक केले आहे, तितके दुसऱ्या कोणत्याही अवयवाचे क्वचितच केले असेल. नाक मुरडावे, नाक उडवावे, नाक खुपसावे, नाक घासावे, नाकाने कांदे सोलावेत, नाकी नऊ यावेत आणि सारेच बिनसले म्हणजे नाक कापले जावे. प्रतिष्ठा, राग, हट्ट, लाचारी या साऱ्यांना आपण नाकाच्या शेंड्यावर जागा दिली आहे. पण हेच नाक गळू लागले म्हणजे आपली शब्दसंपत्ती एकाएकी आटते. मग एकच शब्द उरतो : सर्दी. पावसात भिजलेल्याची ती सर्दी, एस.टी.च्या खिडकीशी बसून आलेल्याची ती सर्दी, बारा महिने सुरसुर करणाऱ्या पोराचीही ती सर्दीच. या एका शब्दाच्या पोतडीत आपण इतके निरनिराळे जिन्नस कोंबले आहेत, की त्यातला नेमका कोणता हाताला लागला आहे हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

आपल्या पूर्वजांचे असे नव्हते. सुश्रुताने या विकाराला प्रतिश्याय म्हटले आणि त्याचे पाच प्रकार सांगितले. लोकभाषेतही 'पडसे' आणि 'वावडे' असे दोन चांगले शब्द होते. पडसे म्हणजे आज आले, आठवड्याने गेले. वावडे म्हणजे एखादी वस्तू एखाद्याच्या प्रकृतीला मुळातच न मानवणे. इतरांना अमृतासारखी असलेली वस्तू एकालाच बाधावी, हा वावड्याचा विशेष. १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द घडविला आणि तो जगभर रूढ झाला. पण त्यातील पुष्कळसा अर्थ आमच्या आजीबाईंच्या 'वावडे' या शब्दात आधीपासून नांदत होता. अडचण एवढीच, की आपण तो शब्द वांग्यापुरता आणि अंड्यापुरता ठेवला. नाकापर्यंत कधी नेला नाही.

हे सारे सुचण्याचे कारण माझी भाची. मी कर्जतला राहतो, महाविद्यालयात मराठी शिकवितो. धाकटी बहीण खोपोलीला दिली आहे, म्हणजे खालापूर तालुक्यात. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी चार स्टेशने मागे टाकली की गाडी खोपोलीला थांबते आणि पुढे डोंगरच असल्यामुळे तिला दुसरे काही करताही येत नाही. रायगड जिल्ह्याचे हे दोन आतले तालुके. समुद्र आमच्यापासून दूर, पण सह्याद्री अगदी उशाशी. घाट चढण्यापूर्वी ढग आपले ओझे आमच्याच अंगणात उतरवितात; वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आम्हाला नवा नाही. जूनमध्ये दोरीवर टाकलेली चादर दसऱ्याला वाळते असे आम्ही म्हणतो, त्यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. कपाटातल्या पुस्तकांना बुरशी, चामड्याच्या चपलांना बुरशी, आणि अंथरुणाला तो ओळखीचा कुबट वास. भातशेतीला हे हवामान मोठे गोड. नाकाला कसे, तो विचार कोणी केला नव्हता.

मागच्या पावसाळ्यात भाची सहा वर्षांची होती, नुकतीच पहिलीत गेलेली. सकाळी उठताच एकामागून एक आठ-दहा शिंका. प्रत्येक शिंकेला आजी "शतायुषी हो" म्हणायची, आणि त्या हिशेबाने पोर एव्हाना चिरंजीवांच्या पंगतीत बसावयास हवी होती. नाकातून पाण्यासारखी धार. रात्री नाक चोंदलेले, म्हणून तोंड उघडे टाकून झोपणे आणि एखाद्या पोक्त गृहस्थासारखे घोरणे. तळहाताने नाकाचा शेंडा खालून वर चोळण्याची तिला अशी सवय, की पाहुण्यांना वाटे, मुलगी नमस्कार करते आहे. डोळ्यांखाली निळसर काळी वर्तुळे. "दृष्ट लागली हो," असे म्हणून तिची आजी, ज्यांना आम्ही सारे माई म्हणतो, मीठ-मोहऱ्या ओवाळीत. दही बंद, केळे बंद, पेरू बंद, सीताफळाचे तर नावही नको. दर महिन्या-दीड महिन्याने कोणत्या तरी गुलाबी औषधाची बाटली घरी येई. चार दिवस बरे वाटे; पाचव्या दिवशी पुन्हा सुरसुर.

इथवर गोष्ट घरोघरची आहे. पण सप्टेंबरात शाळेकडून एक चिठ्ठी आली. वर्गात लक्ष नसते, पेंगते, हाक मारली तरी ओ देत नाही, असा त्यात मजकूर होता. शेजारच्या एका बाईंनी तिचा एका शब्दात अनुवाद केला : मंद. मेहुणे तर पोरीला पहिलीतच आणखी एक वर्ष बसवावे, अशा विचाराला लागले होते. शब्दांच्या धंद्यात वीस वर्षे काढल्यामुळे मला एक पक्के ठाऊक आहे. लहान मुलाला एखादे विशेषण चिकटले की ते नामाहून बळकट होते, आणि पुढे ते मूल त्या विशेषणासारखेच वागू लागते. बहीण मला म्हणाली, "दादा, ती घरी इतकी चुरूचुरू बोलते, आणि शाळेत असं का रे?" मेहुण्यांची पहिली पाळी असल्यामुळे मी बहिणीबरोबर निघालो आणि आम्ही पोरीला पनवेलच्या एका बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. ॲलर्जी हा त्यांच्या खास अभ्यासाचा विषय आहे, असे ऐकले होते.

डॉक्टरांनी प्रथम तपासले नाहीच. ते विचारीत बसले. शिंका कधी येतात, सकाळी की रात्री? स्राव पाण्यासारखा की पिवळा? दोन्ही नाकपुड्यांतून की एकीतूनच? नाक, डोळे, टाळू खाजतात का? ताप असतो का? आठवड्यातून किती दिवस? सलग किती आठवडे? झोप मोडते का? खेळणे सुटले आहे का? धाप लागते, छातीत घरघर होते का? तान्हेपणी अंगावर खरुजेसारखे चट्टे येत होते का? आई-वडिलांपैकी कोणाला दमा? मेहुण्यांना लहानपणी दमा होता आणि पोरीला तान्हेपणी कोपरांच्या लवणीत चट्टे येत, हे बहिणीने सांगितले, तेव्हा त्यांनी मान डोलाविली. अशा घराण्यांतून हे वावडे वारसाहक्काने उतरते. फक्त ते कधी कातडीत, कधी छातीत, तर कधी नाकात मुक्काम ठोकते.

मग त्यांनी पोरीलाच विचारले, "बाळ, तुझं नाक रात्री बंद होतं का गं?"

ती गोंधळली. आईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सगळ्यांचंच होतं ना?"

त्या चिमुकल्या खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मोठ्या माणसाचे नाक चोंदले तर तो साऱ्या घराला वेठीस धरतो, कारण मोकळ्या नाकाची चव त्याला ठाऊक असते. या पोरीला मोकळे नाक आठवतच नव्हते. जे कधी अनुभवलेच नाही, त्याच्या नसण्याची तक्रार मूल कोणत्या शब्दांत करील? म्हणून लहान मुलांच्या बाबतीत हे निदान अवघड, असे डॉक्टर म्हणाले. रोगी साक्षच देत नाही. साक्ष आई-बापांनी द्यावयाची, आणि तीसुद्धा "नेहमीच सर्दी असते हो" अशी मोघम नव्हे. दिवस मोजून, रात्री मोजून.

लहान मुलाला वर्षाकाठी सहा-आठ वेळा साधे पडसे होणे अगदी स्वाभाविक असते. बालवाडीत जाणाऱ्याला त्याहूनही अधिक. त्यामुळे वाहणारे प्रत्येक नाक वावड्याचे नसते. दोन वर्षांखालील मुलाला घरच्या धुळीचे वावडे क्वचितच आढळते, कारण शरीराला ते 'शिकावयास' काही ऋतू जावे लागतात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आधी आत मणी, खडूचा तुकडा किंवा चिंचोका अडकला आहे का, ते पाहावे लागते. नाकामागची ॲडेनॉइडची गाठ वाढली असली तरी मूल तोंडाने श्वास घेते आणि घोरते. पण त्यात शिंका आणि खाज सहसा नसतात. शिंका, खाज, पाण्यासारखा स्राव आणि चोंदणे ही चौकडी तापावाचून एकत्र नांदत असली, म्हणजे संशयाचे बोट वावड्याकडे वळते. १९९० नंतरच्या दशकात जगभरच्या मुलांची एक मोठी पाहणी झाली, तीत आपल्याकडील मुंबई, पुणे, अकोला येथील मुलेही होती. सर्दी किंवा फ्ल्यू झालेला नसताना गेल्या वर्षभरात नाकाचा त्रास झाला का, असा तीत एक प्रश्न होता. मराठीच्या मास्तराला त्या प्रश्नातले मर्म चटकन कळते. सारे निदान त्या 'नसताना' या एका शब्दात आहे.

नाकात बत्ती टाकून डॉक्टरांनी पाहिले, तर आतला पडदा लालबुंद असण्याऐवजी फिकट, निळसर आणि सुजलेला. नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक आडवी बारीक सुरकुती. सारख्या त्या 'नमस्काराने' पडलेली. डोळ्यांखालच्या काळिम्यालाही कारण होते. नाकातली सूज रक्ताच्या परतीच्या वाटा तुंबविते आणि डोळ्यांखालच्या नाजूक कातडीतून ते साचलेले रक्त निळेकाळे दिसते. माईंची दृष्ट ती हीच.

परंतु वावडे कशाचे? डॉक्टर म्हणाले, "बहुतेक कोळ्यांचं." मी दचकलो. मराठीत कोळी म्हणजे मासे पकडणारा, कोळी म्हणजे जाळे विणणारा. आणि शेतकी खात्याच्या पत्रकांत भेंडी-वांग्यांवर पडणारा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव, तोही कोळीच. डॉक्टरांचा कोळी या तिसऱ्याचा चुलतभाऊ. गोचिडीशीही त्याचे दूरचे नाते. आठ पाय, लांबी मिलिमीटरचा सुमारे एक तृतीयांश, अंग पारदर्शक. तो चावत नाही, रक्त पीत नाही, रोग वाहून आणीत नाही. आपल्या अंगावरून रोज झडणारा कातडीचा कोंडा हे त्याचे अन्न. म्हणून तो राहतो आपल्या अंथरुणात, उशीत, गादीत. अपराध त्याचा नव्हे, त्याच्या विष्ठेचा आणि मेल्यावर उरणाऱ्या भुग्याचा. त्यातली पाचक द्रव्ये श्वासाबरोबर नाकात जातात आणि ज्यांच्या शरीराला त्यांचे वावडे आहे, ती शरीरे पेटून उठतात.

या जिवाचे नाव 'डर्माटोफॅगॉइडिस टेरोनिसिनस' असे लांबलचक आहे. १८९७ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ त्रुएसार यांनी त्याचे वर्णन करून ठेवले. पण तो माणसाच्या नाकाशी काय खेळ करतो, हे कळावयास पुढची सदुसष्ट वर्षे लागली. घरच्या धुळीने शिंका येतात हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. धुळीत असे आहे तरी काय, ते उमगत नव्हते. हॉलंडातील लायडन येथे फोरहोर्स्ट आणि स्पीक्समा यांनी घराघरांतील धूळ तपासली. ओलसर घरातली धूळ कोरड्या घरातल्या धुळीपेक्षा अधिक त्रासदायक असते, या गोष्टीचा त्यांनी माग काढला आणि १९६४ साली या कोळ्याकडे बोट दाखविले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिच यांनी वावड्याला कारण होणारे रक्तातले प्रतिद्रव्य शोधले. १९६८ मध्ये त्याचे 'आयजीई' असे नामकरण झाले.

हा शोध कालव्यांच्या, ओलीच्या देशात लागावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण हा कोळी पाणी पीत नाही. हवेतली ओल तो अंगाने शोषून घेतो. हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली, तर तो सुकून मरतो. म्हणूनच हॉलंडचे दमेकरी आल्प्समधील दाव्होस येथे जात. आपल्याकडेही "पोरीला माथेरानला न्या, हवापालट होईल," असा सल्ला मिळाला होता. माथेरान आमच्याच कर्जत तालुक्यात. पण दाव्होसची हवा उंच आणि कोरडी; माथेरान नुसते उंच. पावसाळ्यात तिथले धुके घरात शिरून गाद्यांवर निजते. कोळ्याला उंचीशी वैर नाही, कोरडेपणाशी आहे. आमच्याकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारची हवा काहीशी सुकते खरी. पण गादीच्या पोटात रोज रात्री माणसाचा घाम मुरत असतो, आणि तेवढ्यावर त्याचे भागते. शिवाय कोळी मेले तरी त्यांचा भुगा मागे राहतो. तोच भुगा दिवाळीच्या झाडलोटीत उठतो. पोरे नेमकी तेव्हाच शिंकू लागतात, आणि दोष मात्र थंडीच्या चाहुलीला मिळतो.

शिंका थांबविण्याच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवून आम्ही पुन्हा पनवेलला गेलो. पोरीच्या हातावर पेनाने आकडे लिहून एकेक थेंब ठेवण्यात आला आणि प्रत्येक थेंबातून बारीक टोकाने कातडीला किंचित टोचण्यात आले. रक्त आले नाही. रडूही आले नाही. एका थेंबात नुसते मिठाचे पाणी, एकात खाज हमखास उठविणारे हिस्टामिन. हे दोन थेंब म्हणजे परीक्षेचीच परीक्षा. पहिल्याने काही होता कामा नये, दुसऱ्याने झालेच पाहिजे. पंधरा-वीस मिनिटांनी मोजमाप. मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा तीन मिलिमीटर किंवा अधिक फुगवटा आला, तर उत्तर होकारार्थी. कोळ्याच्या थेंबाखाली डास चावल्यासारखी चांगली सात मिलिमीटरांची गांधी उठली. झुरळाच्या थेंबाखालीही जेमतेम तीनची एक होती.

"म्हणजे दोन्हींचं वावडं?" बहिणीने विचारले. डॉक्टर हसले. "तसं नाही. परीक्षा एवढंच सांगते, की शरीर या दोघांना ओळखतं. ओळखणं आणि आजारी पडणं वेगळं. ठणठणीत माणसाच्या हातावरही असा फुगवटा येऊ शकतो. तुमच्या हकीकतीशी तो जुळला, तरच त्याला अर्थ. सकाळच्या शिंका, अंथरूण झटकलं की वाहणारं नाक, पावसाळ्यात वाढणारा त्रास : हे सारं कोळ्याकडे बोट दाखवतं."

माझ्या मनात एकदम वर्ग उभा राहिला. 'चांगला' हा शब्द कोणत्या जातीचा, असे मी दरवर्षी विचारतो आणि मुले घाईने 'विशेषण' म्हणून मोकळी होतात. 'चांगला मुलगा' यात तो विशेषण आहे खरा. पण 'तो चांगला खेळतो' यात क्रियाविशेषण. शब्दाची जात शब्दावर लिहिलेली नसते. वाक्यातल्या त्याच्या कार्यावरून ती ठरते. कातडीवरचा फुगवटा काय किंवा रक्ततपासणीतला आयजीईचा आकडा काय, हे नुसते सुटे शब्द. मुलाचे दिवस आणि मुलाच्या रात्री हे वाक्य. वाक्य न वाचता शब्दाची जात ठरवू गेले, म्हणजे निष्पाप दही आणि केळे वर्षानुवर्षे तुरुंगात जाते. नुसत्या नाकाच्या वावड्याला अन्न क्वचितच कारण असते, असे डॉक्टरांनी सांगताच पोरीने अत्यंत आशेने आईकडे पाहिले.

आता राहिले वर्गीकरण. पूर्वी नाकाच्या वावड्याचे 'हंगामी' आणि 'बारमाही' असे दोन भाग पाडीत. शब्द मोठे सुटसुटीत, पण फसवे. खोपोलीजवळून वाहणारी पाताळगंगा पाहा. ती बारमाही दिसते. पण सह्याद्रीतल्या बहुतेक नद्यांसारखी ती मुळात पावसाळी. १९१५ साली खोपोलीचे टाटांचे वीजघर सुरू झाले, वरच्या धरणांचे पाणी वीज करून खाली उतरू लागले, आणि तिला बारा महिने पाणी आले. भिवपुरीच्या वीजघरामुळे उल्हास नदीचेही थोडेफार तसेच. तेव्हा नदी हंगामी की बारमाही, हे वरून पाणी किती आणि कधी सुटते यावर ठरते. नाकाचेही तेच. कोळी घरात बारा महिने, पण त्रास रोज होईलच असे नाही. उलट 'हंगामी' म्हटलेला त्रास एखाद्या प्रदेशात दहा महिनेही टिकतो. म्हणून २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तज्ज्ञांनी नवी वाटणी सुचविली, आणि आज ती पुष्कळ ठिकाणी वापरतात.

तिच्यात दोनच प्रश्न. पहिला काळाचा : त्रास आठवड्यातून चार दिवस किंवा अधिक आणि सलग चार आठवडे किंवा अधिक असेल, तर तो 'सातत्याचा', दोहोंपैकी एक जरी अट पुरी होत नसेल, तर 'अधूनमधूनचा'. दुसरा प्रश्न भोगण्याचा : झोप मोडते का, खेळ सुटतो का, शाळेत अडते का, लक्षणे नकोशी होतात का? यांपैकी काहीच नसेल तर 'सौम्य'. एक जरी असेल तर 'मध्यम ते तीव्र'. मला या वाटणीत जे आवडले ते असे, की ती नाक किती गळते हे विचारीत नाही. त्या गळण्याने मुलाचे काय हिरावून घेतले, हे विचारते. भाचीचा त्रास सातत्याचा आणि मध्यम ते तीव्र या घरात बसला. रात्रभर श्वासासाठी झगडलेली पोर वर्गात पेंगणारच. हाकेला ओ न देण्याचेही कारण निघाले : सुजेमुळे नाक आणि कान यांमधली नळी तुंबून कानाच्या पडद्यामागे पाणी साचले होते आणि तिला थोडे कमी ऐकू येत होते. 'मंद' या शब्दाचा एवढाच आधार होता.

घरी आल्यावर खरा प्रसंग उभा राहिला. "माझ्या घरात किडे?" माई कडाडल्या. "तुम्ही शिकलेली माणसं, आता अंथरुणातही भुतं दाखवा!" त्यांचा राग समजण्यासारखा होता. जन्मभर त्या घर काचेसारखे ठेवीत आल्या होत्या. मी म्हणालो, "माई, हा किडा घाणीचा नव्हे. राजवाड्यातल्या गादीतही तो असतो. माणूस जिथं निजतो, तिथं तो असतोच." त्या जरा निवळल्या, पण पुढचा प्रश्न नाजूक होता. पोर ज्या गोधडीत निजे, ती माईंनी आपल्या जुन्या लुगड्यांची स्वतः शिवलेली. ती जाणार की काय, या विचाराने त्यांचा चेहरा उतरला होता.

गंमत अशी, की गोधडीच निर्दोष ठरली. अंथरूण-पांघरूण आठवड्यातून एकदा सुमारे साठ अंश सेल्सियसच्या कढत पाण्यात धुतले, तर कोळी मरतात आणि त्यांचा भुगाही वाहून जातो. गोधडी पातळ, ती धुता येते, उन्हात खडखडीत वाळविता येते. खरा किल्ला होता तो कापसाच्या जाड गादीचा. तिला ऊन दिले तरी कोळी आत सरकतात, आणि धुता तर ती येतच नाही. पूर्वी पिंजारी दारावरून जाई, तेव्हा दर दोन-चार वर्षांनी गादी उसवून कापूस पिंजून घेण्याची रीत होती. आता खोपोलीत पिंजाऱ्याची तार कित्येक दिवसांत ऐकू आली नाही. गादीला आणि उशीला घट्ट विणीची, चेन लावून बंद होणारी खोळ चढविली. केराच्या कोरड्या झाडूऐवजी ओले फडके आले. कापसाचे अस्वल आठवड्याला आंघोळ करू लागले. डासांची अगरबत्ती खोलीबाहेर गेली. तिचा धूर वावड्याचा नव्हे, पण सुजलेल्या नाकाला टोचतोच.

अर्थात एवढ्यानेच भागत नाही. एखादाच उपाय करून हे नाक सुधारत नाही, हे डॉक्टरांनी बजावले होते. मुख्य भर नाकात मारावयाच्या स्टेरॉइडच्या फवाऱ्यावर होता. 'स्टेरॉइड' म्हणताच बहिणीचे तोंड पांढरे पडले. फवाऱ्याची मात्रा अगदी थोडी असते, ती बहुतांशी नाकातच राहते, आणि तरीही मुलाची उंची मधूनमधून मोजीत राहावयाचे, असे त्यांनी शांतपणे समजाविले. फवारा मधल्या पडद्याकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला वळवून मारावा. आणि दोन दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नये, कारण पुरा गुण यावयास आठवडे लागतात. थोडथोड्या मात्रेने शरीराला त्या वस्तूची सवय लावण्याचा एक मार्गही आहे. लंडनचे डॉक्टर नून यांनी १९११ साली तो परागकणांच्या वावड्यावर प्रथम वापरला. आज कोळ्यांसाठीही तो आहे. पण तो लांब पल्ल्याचा, तीन ते पाच वर्षांचा. तो प्रश्न आम्ही तूर्त पुढे ढकलला आहे.

महिन्याभरात घोरणे थांबले. कानामागचे पाणी ओसरावयास आणखी दोन महिने लागले. पहिलीत पुन्हा बसविण्याची भाषा घरात कोणी काढीनासे झाले. दह्याची वाटी सन्मानाने ताटात परतली. नरकचतुर्दशीला उटणे लावताना पोर मध्येच थबकली, हात नाकाशी नेला आणि म्हणाली, "आई, हे नवीन आहे?" उटणे दरवर्षीचेच होते. वास तिला प्रथमच येत होता.

पण हे पूर्णविरामाचे वाक्य नव्हे. यंदाच्या जुलैत पाऊस लागला, तसे नाक पुन्हा सुरसुरू लागले. बहीण घाबरली, डॉक्टर घाबरले नाहीत. वर्गीकरण ही काही जन्माची जात नव्हे, ते म्हणाले. दर काही महिन्यांनी पुन्हा मोजायचे आणि मोजणी सांगेल तसे औषध वाढवायचे किंवा उतरवायचे. यंदाची मोजणी 'सौम्य' निघाली. ही मोजणी होते स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. वाईट दिवसाला एक ठिपका, वाईट रात्रीला दोन. ठिपके देण्याचे काम आता माईंकडे आहे. चतुर्थी आणि एकादशीच्या शेजारी त्या चष्मा लावून, पेन्सिलीला टोक करून ठिपका देतात, आणि महिना संपला की सुनेला हाक मारून सांगतात, "या महिन्यात सातच हं. आणि त्यातला एक मी संशयाचा फायदा देऊन सोडला आहे."